बेकायदा टपाल तिकिटे : आपल्या अल्बममधील बनावट ताम्रपट

१/२०
आजचा थ्रेड एका छोट्या, सुबक आणि खोट्या कागदाविषयी आहे. त्याच्या कडा दंतुर आहेत, मागे डिंक आहे, कोपऱ्यात एका देशाचे नाव आणि दर्शनी मूल्य आहे. मात्र त्या देशाच्या टपालखात्याने तो कधी छापला नाही, विकला नाही आणि पत्रावर स्वीकारलाही नाही. असा कागद म्हणजे बेकायदा टपाल तिकीट.

२/२०
शाळेत असताना मी खाऊच्या पैशांतून अशीच एक मिनिएचर शीट घेतली होती. विषय कुत्र्यांचा, नाव अफगाणिस्तानचे, वर्ष १९९०च्या दशकाच्या अखेरचे. पुढे इतिहास वाचू लागलो आणि ध्यानात आले की सप्टेंबर १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले होते आणि त्या राजवटीने सजीवांच्या चित्रांवर बंदी घातली होती. मग हे श्वानचित्र कोणत्या टपालकचेरीत विकले गेले?

३/२०
उत्तर सरळ आहे : कोणत्याही नाही. अफगाणिस्तानच्या नावाने त्या काळात बाजारात आलेल्या अशा अनेक मालिका पुढे त्याच देशाच्या टपाल प्रशासनाने नाकारल्या. माझे पैसे गेले, याचे दुःख फारसे नाही. अनेक वर्षे मी एका असत्याला पुरावा समजून जपत होतो, याचे मात्र आहे. हा थ्रेड त्यासाठीच.

४/२०
प्रथम संज्ञा नीट लावून घेऊ, कारण बाजारात त्यांची सरमिसळ मुद्दाम केली जाते. खऱ्या तिकिटाची नक्कल केली, तर ते नकली तिकीट. अस्तित्वातच नसलेल्या देशाच्या नावाने छापले, तर ते कपोलकल्पित तिकीट. देश खरा, नाव खरे, पण त्या देशाच्या टपाल प्रशासनाची संमतीच नाही, तर ते बेकायदा तिकीट.

५/२०
या तिन्हींत शेवटचा प्रकार सर्वांत धोकादायक आहे. नकली तिकीट शेजारी अस्सल ठेवून पकडता येते. कल्पित देश नकाशात शोधला की सापडत नाही. बेकायदा तिकिटाची तुलना करायला मात्र अस्सल प्रतच नसते, कारण तसे तिकीट कधी निघालेलेच नसते. भिंग, कागद, छपाई यांची परीक्षा येथे निरुपयोगी ठरते. हवी असते ती इतिहासाची परीक्षा.

६/२०
तिकीट म्हणजे नेमके काय? १८४० मध्ये ब्रिटनने ‘पेनी ब्लॅक’ काढले, तेव्हापासून तिकिटाचा मूळ अर्थ एकच आहे : टपालाचे शुल्क आगाऊ भरल्याची राज्यसंस्थेने दिलेली पावती. चित्र, रंग, स्मरणोत्सव हे सारे नंतरचे अलंकार. पावती देणाऱ्यानेच ती दिली नसेल, तर उरते ते केवळ रंगीत चिठोरे.

७/२०
आपल्या घरचे उदाहरण घ्या. भोर संस्थानाने १८७९ मध्ये तिकिटे काढली. देशी कागदावर हातठशाने उमटवलेली. डिंक नाही, दंतुर कडा नाहीत. देखणेपणाच्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत बाद होतील. तरीही सह्याद्रीतील एका लहान संस्थानाकडे स्वतःची टपालव्यवस्था होती, याची ती साक्ष देतात. माझ्या श्वानचित्राने कशाची साक्ष दिली? फक्त माझ्या भोळेपणाची.

८/२०
वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली आणि अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, हा संस्कार महाराष्ट्राला दिला. ताम्रपट हाती आला की अभ्यासक आधी तो अस्सल की बनावट, हे ठरवतो. हाच निकष आपण सनदेला लावतो, बखरीला लावतो, पत्राला लावतो. मग तिकिटालाच सवलत का?

९/२०
हा धंदा नवा नाही. १९व्या शतकातच संग्राहकांच्या खिशावर डोळा ठेवून तिकिटे निघू लागली होती. न्यूयॉर्कच्या निकोलस सीबेक यांनी मध्य अमेरिकेतील काही देशांशी व इक्वेडोरशी करार केले : दरवर्षी नवी तिकिटे फुकट छापून देतो, उरलेला साठा आणि पुनर्मुद्रणाचा हक्क माझा. हे कायदेशीर होते. पण तिकीट पत्रासाठी की अल्बमसाठी, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. १८९५ मध्ये लंडनमध्ये अशा सट्टेबाज तिकिटांविरुद्ध संग्राहकांची संस्थाच स्थापन झाली.

१०/२०
२०व्या शतकात करारही अनावश्यक ठरला. १९७०च्या आसपास ‘नागालँड’च्या नावाची तिकिटे ब्रिटनमधील व्यापाऱ्यांमार्फत बाजारात आली. नागालँड १ डिसेंबर १९६३ रोजीच भारतीय संघराज्याचे राज्य झाले होते. तेथील पत्रांवर भारतीय टपालखात्याचीच तिकिटे लागत होती. एका जनसमूहाचा रक्तरंजित, गुंतागुंतीचा राजकीय प्रश्न कुणीतरी दूरदेशी बसून विक्रीचा माल केला.

११/२०
सोव्हिएत संघ कोसळल्यावर तर या धंद्याला सुगीचे दिवस आले. तुवाचे उदाहरण बोलके आहे. तुवा हा एके काळी स्वतंत्र म्हणवणारा देश होता. त्याने १९२६ पासून तिकिटे काढली आणि १९४४ मध्ये तो सोव्हिएत संघात विलीन झाला. १९९०च्या दशकात त्याच नावाने नवी तिकिटे अवतरली. रशियाच्या टपाल प्रशासनाने ती नाकारली. पण ‘तुवा’ हे नाव जुन्या कॅटलॉगमध्ये पाहिलेला नवशिका सहज फसला.

१२/२०
अबखाझियाची कथा अधिक विषण्ण करणारी आहे. तेथे १९९२-९३ मध्ये युद्ध झाले, लक्षावधी माणसे विस्थापित झाली. लगेचच, १९९४च्या सुमारास, अबखाझियाच्या नावाने विनोदी नट ग्राउचो मार्क्स आणि गायक जॉन लेनन यांची तिकिटे अमेरिकेत विकली जाऊ लागली. मार्क्स-लेनिन या जोडीवरची ती कोटी होती. जॉर्जियाच्या टपाल प्रशासनाची त्यांना संमती नव्हती. लोकांची घरे जळत असताना त्यांच्या नावावर कुणी कोटी विकत होते.

१३/२०
येथे एक सूत्र दिसते. बेकायदा तिकिटे बहुधा अशाच देशांच्या नावाने निघतात, जेथे युद्ध आहे, सत्ता डळमळीत आहे किंवा टपालखाते इतके दुर्बळ आहे की तक्रार करायलाही उशीर होतो. अफगाणिस्तान, १९९१ नंतरचा सोमालिया, चाड, किर्गिझस्तान, तुर्कमेनिस्तान ही नावे उगाच पुन्हा पुन्हा येत नाहीत. ज्याच्या घराला दार नाही, त्याच्याच घरात चोर शिरला आहे.

१४/२०
आता आक्षेपांकडे वळू. पहिला : ‘मला चित्र आवडते, बाकीच्याशी मला काय करायचे?’ आवडू द्या. चित्र म्हणून घ्या, भिंतीवर लावा. पण मग त्याला तिकीट म्हणू नका, तिकिटाच्या भावाने घेऊ नका आणि लहान भावंडांना तिकीट म्हणून देऊ नका. विक्रेता तरी ते चित्र म्हणून कुठे विकतो? देशाचे नाव काढून टाकले, तर त्याचा माल कोण घेईल?

१५/२०
दुसरा आक्षेप वजनदार आहे : ‘कायदेशीर तिकिटेही संग्राहकांसाठीच छापली जातात.’ खरे आहे. भूतानने १९७२ मध्ये वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची तिकिटे काढली, ती काही रोजच्या पत्रांसाठी नव्हती. अजमान, मनामा, फुजैरा यांची चकचकीत तिकिटे आपल्याकडच्या पिढ्यांनी पाकिटांतून जमवली. परदेशी व्यापाऱ्यांशी केलेल्या करारांतून त्यांचा महापूर आला होता. या अतिरेकावर टीका जरूर व्हावी.

१६/२०
परंतु भेद विसरू नका. भूतानच्या तिकिटामागे भूतानचे शासन उभे आहे. ते त्या शासनाच्या धोरणाचे, त्याच्या परकीय चलनाच्या गरजेचे साधन आहे. अजमानचा महापूरही तेलपूर्व काळातील एका गरीब अमिरातीची कहाणी सांगतो. डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती स्थापन झाल्या आणि १९७२ मध्ये टपालसेवा संघराज्याकडे गेली, तेव्हा ही कहाणी संपली. अतिरेक हा शासनाचा दोष असू शकतो. बेकायदा तिकिटात शासनच नसते.

१७/२०
तिसरा आक्षेप चतुर वाचक घेतील : ‘मग आझाद हिंदची तिकिटे? तीही पत्रांवर कधी वापरली गेली नाहीत.’ बरोबर. १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापलेली ती तिकिटे टपालात आली नाहीत. पण ती एका स्वातंत्र्यचळवळीने, तिच्याच उद्दिष्टासाठी तयार करवली होती. संग्राहक त्यांना ‘वापरात न आलेली’ असे उघडपणे म्हणतात. कुणी त्यांना वापरलेले टपाल म्हणून खपवत नाही. खरी जन्मकथा आणि खरे नाव असले की कागद साधन होतो.

१८/२०
कायदा काय म्हणतो? भारतीय दंडसंहितेत १८९५ मध्येच कलम २६३-अ घालण्यात आले : बनावट टपाल तिकीट बनवणे, जाणूनबुजून विकणे, किंवा सबळ कारणाशिवाय बाळगणे हा गुन्हा. परदेशी सरकारच्या नावाचे तिकीटही त्यात येते आणि माल जप्त करता येतो. दंड? फार तर २०० रुपये. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८६ मध्येही तोच आकडा आहे. १८९५ मध्ये २०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज तेवढ्यात एक बरी मिनिएचर शीटही येत नाही. हा दंड नव्हे, ही थट्टा आहे.

१९/२०
म्हणून परीक्षा आपणच करायची. जागतिक टपाल संघटना, म्हणजे १८७४ मध्ये स्थापन झालेली युनिव्हर्सल पोस्टल युनियन, सदस्य देशांनी कळवलेल्या बेकायदा तिकिटांची परिपत्रके काढते. २००२ पासूनच्या अधिकृत तिकिटांना ‘डब्ल्यूएनएस’ क्रमांक देण्याची तिची नोंदवही आहे. मात्र सर्व देश तीत सहभागी नाहीत, त्यामुळे नोंद नाही एवढ्यावरून निकाल देऊ नका. गिबन्स, स्कॉट, मिशेल यांपैकी एखादा कॅटलॉग पाहा. तेच चित्र दुसऱ्या देशाच्या नावानेही विकले जाते का, चित्राचा त्या देशाशी काही संबंध आहे का, ते तिकीट लावून प्रत्यक्ष प्रवास केलेले एक तरी पाकीट कुठे दिसते का, हे विचारा. विषयवार प्रदर्शनासाठी संग्रह मांडणाऱ्यांनी तर हे आधीच करावे. ज्यांच्यामागे टपाल प्रशासनच नाही, असे कागद आंतरराष्ट्रीय नियमांत बसत नाहीत. मुलांची वर्षांची मेहनत परीक्षकांच्या टेबलावर वाया जाते आणि तो मुलगा किंवा ती मुलगी पुन्हा या छंदाकडे फिरकत नाही. या धंद्याची खरी किंमत हीच.

२०/२०
विक्रेत्यांकडून एकच मागणी करा : मालावर ‘टपाल प्रशासनाची मान्यता नाही’ असे स्पष्ट लिहा. जो लिहायला कचरतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि अल्बममध्ये आधीच शिरलेल्या कागदांचे काय? फाडू नका. अभ्यासक बनावट ताम्रपट वितळवत नाही. तो कुणी, कधी, कशासाठी घडवला याचा शोध घेतो. माझी ती श्वानांची शीट आजही माझ्याकडे आहे, पण अफगाणिस्तानच्या पानावर नाही. ती वेगळ्या वहीत आहे आणि तिच्याखाली मी लिहिले आहे : ‘अफगाणिस्तानच्या नावाने छापलेले, अफगाणिस्तानचे नव्हे.’ आज संध्याकाळी आपापला अल्बम काढा आणि अशी एक वही सुरू करा. काही संशयास्पद सापडले, तर देशाचे नाव, वर्ष आणि विषय या थ्रेडखाली लिहा. आपण मिळून तपासू.