शून्य आणि एक, पण केव्हा?

‘अंकीय संदेशवहन म्हणजे काय?’ हा प्रश्न वर्गात विचारला, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच उत्तर येते : ‘सर, शून्य आणि एक.’ विद्यार्थी मित्रहो, हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे ‘केव्हा’. तारेकडे नेमके कोणत्या क्षणी पाहायचे हे ठरलेले नसेल, तर तिच्यावरून कितीही शून्ये आणि एक धावोत, घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आपण शाळा-कॉलेजांतून पहिला अर्धा भाग शिकवतो आणि दुसरा सोडून देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो शिकवायला सीरिअल पोर्टसारखे सोपे साधन हाताशी असताना सोडून देतो, याचे मला अधिक वाईट वाटते.

सीरिअल पोर्ट म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारे दार. दोन यंत्रांमध्ये जाण्याची एक तार आणि दोघांची सामाईक भू-तार एवढीच जोडणी आहे, अशी कल्पना करा. काही पाठवायचे नसते तेव्हा तार ‘एक’ या स्थितीत असते. अक्षर पाठवायचे झाले, की पाठवणारे यंत्र तार एका बिटापुरती ‘शून्य’ करते. हा स्टार्ट बिट; जणू दारावरची थाप. मागोमाग अक्षराचे आठ बिट येतात, तेही सर्वांत कमी किमतीच्या बिटापासून सुरुवात करून. शेवटी तार पुन्हा ‘एक’ होते, तो स्टॉप बिट. म्हणजे आठ बिटांच्या अक्षरासाठी तारेवर दहा बिट खर्ची पडतात. वेग सेकंदाला ९६०० बिट असेल, तर एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ही अक्षरे इंग्रजी बरे का! आपला ‘क’ युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांचा असतो, त्यामुळे त्याला तीस बिट लागतात.

आता घेणाऱ्या यंत्राचा विचार करा. त्याला पाठवणाऱ्याचे घड्याळ दिसत नाही. घड्याळाची वेगळी तारच नाही. थाप ऐकू येताच ते स्वतःचे घड्याळ सुरू करते, दीड बिट थांबते, पहिल्या बिटाच्या बरोबर मध्यावर तारेकडे पाहते, आणि मग एकेका बिटाच्या अंतराने पाहत जाते. घड्याळे थोडी जुळत नसली, तर प्रत्येक बिटागणिक चूक वाढत जाते. शेवटचा स्टॉप बिट थापेपासून साडेनऊ बिटांवर पाहायचा असतो. तिथवर चूक अर्ध्या बिटाच्या आत राहिली, तर अक्षर वाचले. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे सुमारे ५ टक्के. रोज ५ टक्के पुढे जाणारे घड्याळ दिवसाला ७२ मिनिटे पुढे जाईल. असे घड्याळ तुम्ही भिंतीवर ठेवणार नाही. पण सीरिअल पोर्ट तेवढ्यावरही तग धरू शकतो, कारण प्रत्येक अक्षराच्या थापेबरोबर तो नव्याने मोजायला लागतो. जुन्या टेलिप्रिंटरांत, जिथे काळ मोजायला फिरती मोटर होती, ही युक्ती जन्माला आली. आजच्या अनेक राउटरांच्या कन्सोल पोर्टवर तीच तशीच चालू आहे.

या पोर्टची जुळणी करताना चार गोष्टी ठरवाव्या लागतात : वेग, डेटा बिटांची संख्या, पॅरिटी आणि स्टॉप बिट. ‘९६००, आठ, नाही, एक’ असे या जुळणीचे एक परवलीचे वाक्यच झाले आहे. मुले ते चिठ्ठीवरून उतरवून घेतात, पडद्यावर टाकतात, अक्षरे उमटली की वहीत ‘प्रयोग यशस्वी’ लिहितात. चार आकड्यांतला प्रत्येक आकडा काय म्हणतो, हे कोणी विचारत नाही. चिठ्ठी हरवली, की प्रयोग संपला. आकडे काहीही असले तरी चालतात, दोन्ही बाजूंनी तेच मान्य केले म्हणजे पुरे, ही साधी गोष्ट चिठ्ठीमुळे झाकली जाते. आरएस-२३२ या मानकात तर उणे विभव म्हणजे ‘एक’ आणि अधिक विभव म्हणजे ‘शून्य’ आहे. उलटे वाटते ना? पण कराराला उलटसुलट काही नसते.

आता सीरिअल पोर्टाच्या थोरल्या भावाकडे वळू. घरी आजी-आजोबांना ‘ट्रंक कॉल’ म्हणजे काय ते विचारा. परगावी बोलायचे, तर आधी नोंदणी करून तासन्‌तास वाट पाहावी लागे, असे ते सांगतील. (ट्रंक म्हणजे इथे लोखंडी पेटी नव्हे, झाडाचे खोड. दोन केंद्रांना जोडणारी जाड वाहिनी म्हणजे खोड, घरोघरच्या तारा म्हणजे फांद्या.) ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन लावण्याची सोय भारतात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात झाली. पुढे ही खोडेही अंकीय झाली. आवाजाचे तुकडे करून ते आकड्यांनी पाठवावेत ही कल्पना ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली मांडली होती. पण ती स्वस्तात राबवायला ट्रान्झिस्टरची वाट पाहावी लागली. १९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीची टी-१ ही २४ संभाषणांची वाहिनी सुरू झाली. युरोपात ३० संभाषणांची ई-१ ठरली आणि भारताने तीच घेतली.

ई-१ चा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करा, मजा येईल. फोनवरच्या आवाजात सुमारे ३४०० हर्ट्‌झपर्यंतच्या वारंवारता जातात. त्या हाती लागायच्या, तर दुपटीहून अधिक वेळा नमुना घ्यावा लागतो. म्हणून सेकंदाला ८००० नमुने. प्रत्येक नमुना ८ बिटांचा. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट. राउटरच्या सीरिअल पोर्टवर जुळणी करणारा माणूस ‘क्लॉक रेट ६४०००’ अशी आज्ञा देतो, तेव्हा त्या आकड्यात माणसाचा आवाज लपलेला असतो. ई-१ मध्ये असे ३२ कप्पे असतात : ३२ कप्पे, प्रत्येकी ८ बिट, मिळून २५६ बिटांची एक चौकट, सेकंदाला अशा ८००० चौकटी, एकूण २०,४८,००० बिट. कप्प्यांपैकी ३० बोलण्यासाठी. सोळाव्या कप्प्यात कोणी कोणाला फोन लावला, ठेवला, याचे निरोप. आणि पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा कप्पा कशासाठी? मुख्यतः चौकट कुठे सुरू होते हे ओळखण्यासाठी! त्यात एकाआड एक चौकटीत ००११०११ ही ठरावीक खूण येते. घेणारे यंत्र बिटांच्या अखंड ओघात ही खूण शोधत राहते. सापडली, पुन्हा २५६ चौपदरी नव्हे तर नेमक्या ५१२ बिटांनंतर सापडली, की ते म्हणते : धागा मिळाला.

इथे प्रत्येक अक्षराला थाप नाही. दहातले दोन बिट नुसत्या थापांवर उधळायला एवढ्या महागड्या वाहिनीवर जागा नसते. मग घेणारे यंत्र काळ कसा मोजते? तारेवर विभव जेव्हा जेव्हा बदलते, त्या त्या वेळी ते आपले घड्याळ किंचित मागेपुढे करून घेते. पण सलग शून्येच आली तर? तार स्तब्ध, बदल नाही, घड्याळ भरकटू लागते. त्यावर एचडीबी-३ ही युक्ती आहे. एरवी ‘एक’साठी आळीपाळीने अधिक आणि उणे स्पंद पाठवतात. सलग चार शून्ये आली, की त्यांच्या जागी मुद्दाम नियमभंग करणारा स्पंद घालतात. घेणारा तो नियमभंग ओळखतो, त्याजागी पुन्हा शून्ये लिहितो. पण दरम्यान त्याच्या घड्याळाला हवा तो धक्का मिळालेला असतो. शिस्त मोडूनच वेळ पाळायची, ही कल्पना मला फार आवडते.

आता खरी मेख. ई-१ च्या प्रत्येक टोकाच्या यंत्रात स्वतःचे क्वार्ट्‌झ घड्याळ असते. जुळणी करताना सांगावे लागते, की कोणी स्वतःच्या घड्याळाने चालायचे आणि कोणी तारेवरून येणाऱ्या ओघातून काळ उचलायचा. दोघांनाही ‘तारेवरून घ्या’ सांगितले तर काय होईल? शाळेचा शिपाई देवळातली घंटा ऐकून तास देतो आणि पुजारी शाळेचा तास ऐकून घंटा वाजवतो, अशा गावात दुपार केव्हा होईल ते सांगता येणार नाही. आणि दोघेही आपापल्या घड्याळाने चालले तर? हा दोष अधिक वाईट, कारण तो चटकन दिसत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी दूरसंचारच्या कामात आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून त्याच्याकडे तक्रार आली : फोन उत्तम चालतात, फॅक्स मात्र मध्येच तुटतात. आधी येऊन गेलेल्या तीन जणांनी हिरवा दिवा पाहून ‘लाइन चालू आहे’ असा शेरा मारला होता. दोन्ही टोके आपापल्या घड्याळावर होती. त्याने मला हे सांगितले, तेव्हा आम्ही दोघांनी हिशेब मांडला. घड्याळांत दहा लाखांत फक्त १० भागांचा फरक धरा. सेकंदाला साधारण साडेवीस बिट जास्त येतात किंवा कमी पडतात. साडेबारा सेकंदांत २५६ बिटांची, म्हणजे एका पूर्ण चौकटीची तूट साचते आणि यंत्र एक चौकट टाकून देते किंवा दोनदा वाचते. बोलणाऱ्याला फार तर ‘टक्‌’ असा आवाज येतो. आपले कान क्षमाशील असतात. पण फॅक्सचे पान जायला मिनिटभर लागते. त्या मिनिटात चार-पाच घाव बसतात, आणि फॅक्सचे यंत्र क्षमा करत नाही.

मानकानुसार ई-१ च्या घड्याळाला दहा लाखांत ५० भागांपर्यंत चुकण्याची मुभा आहे. दोन घड्याळे विरुद्ध बाजूंना तेवढी चुकली, तर दर सव्वा सेकंदाला एक चौकट जाईल. म्हणूनच मोठ्या दूरध्वनी जाळ्यांत सगळ्यांच्या मुळाशी सीझियम घड्याळाच्या तोडीचे मुख्य घड्याळ ठेवतात. त्याची चूक एकावर अकरा शून्ये एवढ्या भागांत एका भागाहून कमी असावी लागते. अशी दोन जाळी एकमेकांशी बोलली, तर एक चौकट निसटायला किमान ७२ दिवस लागतात. सव्वा सेकंद आणि ७२ दिवस! दोन्ही ठिकाणी दिवा हिरवाच असतो.

म्हणून ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ ही वृत्ती मला खटकते. भौतिकीच्या विद्यार्थ्याने ‘चालते’ यावर थांबू नये, ‘किती चुकते’ हे विचारावे. चुका मोजणारा गणक त्या यंत्रात असतोच. तो उघडून पाहण्याची सवय मात्र प्रयोगशाळेतच लागली पाहिजे.

काही शिक्षक मित्र म्हणतात, ‘हे जुने झाले. ई-१ ची जागा इथरनेट आणि प्रकाशतंतू घेत आहेत, मुलांनी नवे शिकावे.’ त्यांना मी खिशातला मोबाइल चार्ज करण्याची केबल दाखवतो. यूएसबी या नावातला ‘एस’ म्हणजे सीरिअलच. तिच्यात सहा ‘एक’ सलग आले, की मुद्दाम एक ‘शून्य’ घुसवतात. कारण तेच, घेणाऱ्याचे घड्याळ भरकटू नये. एचडीबी-३ ची ही सख्खी बहीण. मोबाइलचे मनोरे तर काळाच्या बाबतीत आणखी काटेकोर झाले आहेत. एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या जाळ्यांत मनोऱ्यांची घड्याळे दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त ४५० मीटर जातो. तंत्र बदलले, ‘केव्हा’चा प्रश्न अधिकच कडक झाला.

तेव्हा शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. काही शाळांत आता आर्डुइनोसारखा एखादा बोर्ड असतो. त्याच्या सीरिअल पोर्टचा वेग १२०० ठेवा आणि इंग्रजी मोठे ‘यू’ अक्षर न थांबता पाठवत राहा. ‘यू’चा संकेतांक ८५, द्विमान पद्धतीत ०१०१०१०१. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून तारेवर शून्य-एक-शून्य-एक अशी अखंड चौकोनी लाट उमटते, तिची वारंवारता ६०० हर्ट्‌झ. पाठवणारी तार एक किलोओहम रोधकातून छोट्या स्पीकरला जोडा. बिट चक्क ऐकू येतील. (इअरफोन कानात घालून मात्र हा प्रयोग करू नका.) मोबाइलवरच्या वाद्य जुळवण्याच्या ॲपने वारंवारता मोजा. ६०० ऐवजी ६०२ आली, तर बोर्डाचे घड्याळ किती टक्के पुढे आहे ते काढा. काही बोर्डांवर क्वार्ट्‌झऐवजी सिरॅमिकचा दोलक असतो. दोन बोर्डांची तुलना करून पाहा. मग मुलांच्या हाती चिठ्ठी न देता दुसऱ्या बोर्डाचा वेग लपवून ठेवा आणि तो शोधायला सांगा.

तुमच्यासाठी एक कोडे. पाठवणारा १२०० च्या वेगाने एकच ‘यू’ पाठवतो आणि गप्प बसतो. घेणारा चुकून २४०० वर आहे. चौकटीच्या कागदावर लाट काढा, घेणारा कुठे कुठे पाहील तिथे खुणा करा. त्याला एका अक्षराऐवजी दोन मिळतील. पहिल्याचा स्टॉप बिट चुकीचा निघेल, पण ते बिट वाचले तर इंग्रजीतले एक छोटे अक्षर तयार होते. कोणते?