प्रोग्रामही खात्रीच्या कोठारातूनच घ्यावा

दुकानाच्या संगणकात आज खातेवही असते, उधारीची नोंद असते. तरीही काही व्यापारी बांधव चोरीची प्रत बसवतात आणि तिच्यासोबत व्हायरसही पदरात घेतात. लिनक्सवर याची गरज नाही. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनचे उदाहरण घ्या. त्याच्या २०२३ च्या आवृत्तीच्या कोठारात ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. ‘एपीटी सर्च’ने शोधावे, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल’ने बसवावे. लागणारे इतर भाग आपोआप येतात, कोठाराची डिजिटल सहीही तपासली जाते. हिशेबाला ग्नूकॅश, नक्षीच्या रेखाटनाला इंकस्केप तेथे विनामूल्य मिळते. मात्र आपला नेहमीचा हिशेबाचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो का, हे आधी पाहावे. अनोळखी माणसाकडून बिनपावतीचा माल आपण पेढीवर घेत नाही. प्रोग्रामलाही तोच नियम लावावा.