उपकरणे उकळली, पण धुतली कोणी?

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चुलबंद आणि वैनगंगेच्या खोऱ्यात असलेल्या लाखांदूर तालुक्यातील माणूस आजारी पडला की त्याच्यापुढे साधारणतः दोन वाटा असतात. एक तालुक्याच्या गावातील ग्रामीण रुग्णालयाची, दुसरी वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या खासगी दवाखान्यांची. धानाचे पैसे हाती असतील तर दुसरी, नसतील तर पहिली. डॉक्टर जागेवर आहेत काय, औषध बाहेरून आणावे लागेल काय, खर्च किती येईल, हे प्रश्न दोन्हीकडे विचारले जातात. ज्या चिमट्याने दाढ काढली जाणार किंवा ज्या कात्रीने बाळाची नाळ कापली जाणार, ती वस्तू आधीच्या रुग्णानंतर नेमकी कशी धुतली गेली, हे मात्र कोणी विचारत नाही. रुग्णाने ते विचारावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. ते ज्यांनी विचारायचे त्यांनी तरी ते विचारले आहे काय, एवढाच येथे मुद्दा आहे.

तामिळनाडूतील वाणियंबाडी येथील प्रकरणाने हा प्रश्न नव्याने पुढे आणला. तेथील एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या दहा जणांना मेंदूला जडणाऱ्या मेलिऑयडोसिसची लागण झाली आणि त्यांपैकी आठ जण दगावले. घटना २०२३ च्या सुमाराची. तिचा शास्त्रीय अहवाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा देशाला तिची वार्ता कळली. सलाइनची बाटली एका शस्त्रक्रियेच्या उपकरणाने उघडायची, कापसाच्या बोळ्याने सैलसर बंद करायची आणि तेच द्रावण पुन्हा वापरायचे, अशी तेथील पद्धत होती. या रोगाचा जिवाणू ओल्या मातीत, भातखाचरांच्या चिखलात राहणारा आहे. धानाच्या पट्ट्यातील वाचकांनी ही बातमी दूरदेशीची म्हणून सोडून देऊ नये, ती यासाठी.

उपकरणांच्या शुद्धीची साखळी अनेक कड्यांची असते. वापर संपताच ओलसर ठेवणे, धुणे, खळबळणे, वाळवणे, तपासणे, बांधणे, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणे आणि कोरड्या जागी साठवणे. यांपैकी ऑटोक्लेव्ह ही एकच कडी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि तेथेच घोटाळा होतो. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत पंधरा ते तीस मिनिटे ठेवले की जंतू मरतात हे खरे, पण वाफ पृष्ठभागाला भिडली तर! आर्टरी फोर्सेप्सच्या सांध्यात किंवा दातांच्या मुळाची नळी साफ करणाऱ्या बारीक फाइलच्या खाचांत रक्त सुकून बसले असेल, तर त्या थराखालचा जंतू वाफेपासून बचावू शकतो. न धुतलेले उपकरण उकळणे म्हणजे घाण शिजवणे होय. कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सांध्याचे महत्त्व कळते.

भंडारा पितळी भांड्यांचा जिल्हा. चिंच लावून घासले की पितळ लखलखते आणि लखलखते ते स्वच्छ, असा आपला पिढीजात हिशेब आहे. स्वयंपाकघरात तो चालतो. शस्त्रक्रियागृहात चालत नाही. शिवाय ब्रशने घासणाऱ्या माणसाचा हात त्या धारदार, रक्ताळलेल्या वस्तूंवरूनच फिरत असतो. टोचण्याचा धोका सर्वाधिक त्याला, आणि त्याची नेमणूक बहुधा सर्वांत तुटपुंजी.

येथे अल्ट्रासॉनिक क्लीनरचे काम सुरू होते. दिसायला साधी पोलादी टाकी. तिच्या तळाशी बसवलेले स्फटिक सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावतात. कानाला ऐकू न येणारा हा ध्वनी पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतो, आणि ते फुटताना जो झटका बसतो तो पृष्ठभागावरचा मळ उखडून काढतो. बुडबुडे कोसळताना किती दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले होते. जहाजांचे पंखे का झिजतात हा तेव्हाचा प्रश्न होता. पंख्यांना झिजवणारी ही शक्ती पुढे मळ काढण्याच्या कामी आली. सराफाच्या आणि चष्म्याच्या दुकानांत हे यंत्र आपण पाहतो. ब्रश जेथे पोहोचत नाही तेथे बुडबुडा पोहोचतो, आणि माणसाचा हात धारेपासून दूर राहतो. दवाखान्याच्या दृष्टीने त्याचे मोल या दोन गोष्टींत आहे.

मात्र हे यंत्र निर्जंतुक करीत नाही. ते धुते, एवढेच. धुऊन काढलेली कात्री खळबळून, वाळवून ऑटोक्लेव्हमध्ये गेलीच पाहिजे. विकणारे अनेकदा हा भेद पुसट करतात, घेणारेही फार खोलात जात नाहीत. यंत्राचे आणखीही हट्ट आहेत. ताज्या पाण्यातील विरघळलेली हवा आधी यंत्र चालवून काढून टाकावी लागते. पाणी कोमट चालते. ४५ अंशांच्या वर गेले तर रक्तातील प्रथिने उलट घट्ट चिकटतात. सांध्याची उपकरणे उघडी ठेवायची, टाकी खच्चून भरायची नाही, पाण्यात विकरयुक्त द्रावण घालायचे आणि ते गढूळ होताच बदलायचे. रबर व सिलिकॉनच्या वस्तू कंपने शोषून घेतात, त्यांना यात जागा नाही. दंतवैद्यांचे फिरते हँडपीसही, उत्पादकाने स्पष्ट मुभा दिली नसेल तर, यात बुडवायचे नसतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले तर उपकरणांवर डाग आणि ऑटोक्लेव्हमध्ये पुटे धरतात. म्हणजे यंत्र आणले की काम संपले असे नाही. त्याच्यामागे द्रावणाचा नियमित पुरवठा, बरे पाणी, वीज आणि शिकवलेला एक माणूस लागतो.

आपल्या सरकारी व्यवस्थेची गोची नेमकी येथे आहे. यंत्राची खरेदी ही एकदाची घटना असते. तिचा प्रस्ताव होतो, निविदा निघते, छायाचित्रही छापून येते. द्रावणाची बाटली ही दर महिन्याची कटकट असते. राज्यात औषधे व उपकरणांच्या खरेदीचे काम २०१७ नंतर हाफकिनकडे गेले, आणि २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण अस्तित्वात आले. खरेदीदार बदलले, पण तीस खाटांच्या रुग्णालयात दुपारी तीन वाजता उपकरणे धुणारा कोण, याचे उत्तर खरेदीदार देऊ शकत नाही. मोठ्या रुग्णालयांत यासाठी मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभाग असतो. तालुक्याला तो भार परिचारिका आणि कक्षसेवक आपल्या इतर कामांतून वेळ काढून उचलतात.

त्यात शिकवणुकीचाही दोष आहे. वापरलेली उपकरणे प्रथम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवा, असे सरकारी प्रशिक्षणांतून वर्षानुवर्षे सांगितले गेले. प्रसूतिगृहातील प्लॅस्टिकचा टब ही त्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत ही पद्धत नको म्हणून सांगितले आहे, कारण रक्तामुळे क्लोरीन निष्प्रभ होते, पोलाद गंजते आणि हाताळणाऱ्याला फसवी निश्चिंती मिळते. न धुता ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकणे तर त्याहून वाईट. ते रक्त धातूवर पक्के बसवते. परंतु एकदा भिंतीवर चिकटलेला तक्ता उतरवणे हे आपल्याकडे नवे यंत्र बसवण्यापेक्षा अवघड असते.

वेळेचा हिशेब सर्वांत बोलका आहे. धुण्यापासून थंड होऊन वापरायला मिळेपर्यंत एका संचाला तास-दीड तास सहज लागतो. दंतवैद्याकडे दिवसाला वीस रुग्ण आले आणि संच चारच असले, तर प्रत्येक संच दिवसात पाच वेळा फिरला पाहिजे, म्हणजे साडेसात तासांपर्यंत नुसते फिरणेच. बाह्यरुग्ण विभाग तेवढा वेळ उघडा नसतो. मग कुठली तरी कडी गळते, आणि गळते ती बहुधा धुण्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळ, नोव्हेंबर २०१४ मध्ये एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ महिलांवर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया केल्या आणि १३ महिला दगावल्या. मृत्यूचे कारण औषधातील भेसळ की जंतुसंसर्ग, यावर वाद झाला. पण दिवसाला तीसहून अधिक शस्त्रक्रिया नकोत, ही केंद्राची मर्यादा तेव्हाही लागू होती, आणि त्या तासांत उपकरणे नीट धुणे शक्य नव्हते हे सांगायला आयोग लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निर्णय देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

भंडाऱ्याला दुर्घटनेनंतरच्या जागृतीचा अनुभव आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके गेली आणि राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या सुरू झाल्या. आगीचा धूर तरी दिसतो. अस्वच्छ चिमट्यातून गेलेली कावीळ दोन-चार महिन्यांनी उमटते, तोवर रुग्ण रोवणीच्या किंवा कापणीच्या कामाला लागलेला असतो, आणि त्या दाढेशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. त्यामुळे अशा लागणीची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तरतूदही होत नाही.

केंद्राच्या २०१५ पासूनच्या कायाकल्प योजनेत जंतुसंसर्ग नियंत्रणाला गुण आहेत. त्या गुणांची तपासणी वर्षातून ठरल्या दिवशी होते आणि त्या दिवशी टब स्वच्छ असतोच. त्याऐवजी एक साधी चाचणी दर आठवड्याला करता येईल. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाची पट्टी चालू टाकीत काही क्षण उभी धरायची. यंत्र नीट चालत असेल तर वर्खावर सर्वत्र सारखे बारीक खळगे आणि भोके पडतात. एखाद्या भागात वर्ख कोरा राहिला तर तेथील स्फटिक निकामी झाला असे समजायचे. पट्टी तारखेसह वहीत चिकटवायची आणि खाली वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्यायची. लाखांदूरच्या रुग्ण कल्याण समितीला अशी वही आपल्या पुढच्या बैठकीत मागता येईल. यंत्रच नसेल तर तेही त्याच बैठकीत कळेल.