कोणते देणे आधी?

दिवाळीत हाती बोनस येतो आणि सगळी देणी एकदम आठवतात. वाण्याची उधारी, धाकट्या दिरांकडून घेतलेले उसने पैसे आणि क्रेडिट कार्डाची बाकी. यांत पहिला मान कोणाचा? बहुतेक गृहिणी दिरांचे नाव घेतील. फराळाला ते समोर येऊन बसणार ना! कार्डाला तोंड नसते, म्हणून त्याची लाजही वाटत नाही.

पण भगिनींनो, वहीत देण्यापुढे माणसाऐवजी व्याज लिहून पाहा. कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्केही असू शकते. म्हणजे १०,००० रुपयांच्या बाकीवर महिन्याला ३५० रुपये! बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरली, की दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. पतसंस्थेचे कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी मिळाले, तर तेवढ्याच रकमेला महिन्याला १०० रुपये पडतात. तेव्हा बोनस आधी कार्डात भरावा. उरलेली बाकी अशा स्वस्त कर्जाने मिटवावी आणि कार्ड कपाटात ठेवावे.

वाण्याला मात्र थकवू नये. महिन्याचे धान्य तिथूनच येते.

आणि दीर? त्यांना फराळाआधीच सांगावे, “भावजी, यंदा जरा थांबा. जानेवारीपासून दर पहिल्या तारखेला पाचशे देईन.” मग ती तारीख चुकवू नये. उसने देणाऱ्या माणसाला थकलेल्या पैशांपेक्षा आपले गप्प बसणेच अधिक लागते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.