सोडून दिलेला प्लॉट

पंचवटीच्या बाजार समितीत टोमॅटोचा लिलाव लागतो तेव्हा व्यापाऱ्याची नजर आधी देठाकडे जाते. देठाजवळ टाचणीएवढे भोक दिसले की क्रेटचा भाव घसरलाच. दिंडोरी, निफाड, सिन्नरच्या शेतकऱ्याला त्या भोकाचा धनी ठाऊक आहे. त्याला तो नुसता ‘टुटा’ म्हणतो.

टुटा अ‍ॅब्सोल्युटा हा जेमतेम पाच-सात मिलिमीटरचा, करड्या ठिपक्यांचा पतंग. मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पेरूमधल्या नमुन्यावरून १९१७ मध्ये एडवर्ड मेरिक यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये सापडला आणि २०१४ मध्ये पुण्याच्या टोमॅटोवर. समुद्र ओलांडायला त्याला पंखांची गरज पडली नाही. फळे, रोपे आणि पॅकिंगचे सामान यांनीच त्याला देशोदेशी पोचवले.

पतंग दिवसा पानाआड दडतो आणि रात्री उडतो. एक मादी आयुष्यात अडीचशेच्या आसपास अंडी घालते, तीही बहुधा सुटी सुटी आणि पानाच्या खालच्या बाजूला. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि थेट पानात शिरते. वरचा आणि खालचा पापुद्रा शाबूत ठेवून ती मधला हिरवा गर खाते. पानावर पारदर्शक, पुढे करपलेले चट्टे दिसतात ते याचेच. पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ते काम बहुतेक वेळा नागअळीच्या माशीचे असते, आणि दोन्हींचे औषध एक नव्हे. चार अवस्था पार करून अळी मातीत किंवा पानातच कोषात जाते. उबदार हवेत हे सारे चक्र महिन्याभरात पुरे होते. म्हणजे टोमॅटोच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या सहज निघतात.

अळीचा मुक्काम पापुद्र्याच्या आत असल्याने वरवरची फवारणी वाया जाते. पानात झिरपणारी औषधे आहेत, पण तीच ती पुन्हा मारली की अळी त्यांना दाद देईनाशी होते. ब्राझील आणि इटलीने हा अनुभव घेतला आहे. कामगंध सापळ्यात फक्त नर सापडतात आणि उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे एकट्याच्या शेतातले चार सापळे कीड आल्याची वर्दी देतात, तिला आवरत नाहीत.

मग उपाय काय? प्रत्येक सल्ला-पत्रिकेत तो छापलेला असतो: कीडग्रस्त पाने-फळे गोळा करून नष्ट करा, पीक संपताच झाडे उपटा. उपाय बिनचूक आहे. अडचण मजुरीची आहे. क्रेटचा भाव तोडणीच्या खर्चाखाली गेला की शेतकरी तोडणी थांबवतो, फवारणी थांबवतो आणि प्लॉट सोडून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पिकाने गाडीभाडेही सुटत नाही ते उपटायला तो पदरचे पैसे का घालील? पण त्या उभ्या, लालभडक, बेवारस रानात टुटाला महिनाभर कोणी हात लावत नाही. तिथून निघालेली पिढी बांधापलीकडच्या कोवळ्या लागवडीवर जाते. भाव पडला की कीड वाढते, कीड वाढली की पुढच्या पिकाचा खर्च वाढतो, आणि तो खर्च भरणारा शेतकरी बहुधा दुसराच असतो.

म्हणूनच टुटाचा प्रश्न एकेका शेतकऱ्याच्या फवारणी पंपावर सोडून चालणार नाही. बाजार समिती विक्रीवर बाजार फी घेते. आवारातला नाकारलेला माल त्याच दिवशी झाकबंद खड्ड्यात किंवा बायोगॅसकडे जावा आणि रिकामे क्रेट धुऊनच गावाकडे परतावेत, एवढी व्यवस्था त्यातून व्हायला हवी. भाव कोसळलेल्या आठवड्यांत झाडे उपटून गाडण्यासाठी एकरी मदत मिळावी. पीक गेल्यावर पंचनामे करण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा आहे. आणि सापळे लावायचे तर ते शिवारभर, एकाच आठवड्यात लागावेत. पतंगाला गट नंबर कळत नाही.

आज विक्रीच्या पट्टीवर हमाली येते, तोलाई येते, गाडीभाडे येते. सोडून दिलेल्या प्लॉटने शेजाऱ्यावर लादलेला औषधाचा खर्च मात्र कोणत्याच पट्टीवर येत नाही. भाव पाडणारी बाजारव्यवस्था त्यातला आपला वाटा जोवर उचलत नाही, तोवर औषधाची दुकाने तेवढी चालतील.