घरातील कारभारीपण
पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्राने, म्हणजे पोपच्या पत्राने, जे या वेळी साऱ्या माणसांना उद्देशून होते, पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर मानले. तरी त्याची राखण आपापल्या मोरीपासून आणि चुलीपासून सुरू होते याकडे धर्मचिंतनात क्वचितच लक्ष जाते, म्हणून हा अंक ‘कारभारीपणा’ला, म्हणजे मालकी देवाची व सांभाळ माणसाचा या बायबलमधील धारणेला, वाहिला आहे. वसईच्या वाड्यांत पावसाचे पाणी धरून विहिरींना गोडे पाणी पुरवणारी बावखले, म्हणजे खोदलेली तळी, हे या धारणेचे जुने रूप म्हणता येईल. त्यांतली कित्येक बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यात ख्रिस्ती कुटुंबांच्याही जमिनी होत्या, हे मान्य केल्यावाचून पर्यावरणावर प्रवचन देणे आम्हांला दांभिकपणाचे वाटते. त्यामुळे अंकातील लेख उपदेशापेक्षा व्यवहाराकडे वळले आहेत: मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडणे, ओला कचरा परसातच कुजवणे, लग्नाच्या पंगतीत थर्माकोलऐवजी स्टीलची ताटे मांडणे (धुणार कोण, हा प्रश्न धरूनच). वाचकांनी आपल्या घरची रीत, आणि ती मोडली असल्यास त्याची कारणेही, अवश्य कळवावीत. फ्लॅटमधील अडचणींसाठी पुढील अंकात जागा राखून ठेवली आहे.