होरोवित्सची यादी आणि आपली बासनं

योझेफ होरोवित्स हे नाव तुम्ही ऐकलं नसणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. आमच्या जालन्यात कुणाला विचारलं तर 'कुठली कंपनी?' असं विचारतील. :) पण गेले दोन वीकएंड मी या माणसाच्या मागे लागलोय आणि आज लिहायचंच असं ठरवून बसलोय. त्या निमित्ताने आपल्याकडच्या एका गोष्टीबद्दल थोडं कडवटही लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

जन्म १८७४, जर्मनीतला. वडील मार्कुस होरोवित्स हे फ्रँकफुर्टचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. अशा घरातला हा मुलगा बर्लिनला एडुआर्ड झाखाऊंच्या हाताखाली अरबी शिकला. झाखाऊ म्हणजे तेच, ज्यांनी अल-बिरुनीचा हिंदुस्थानावरचा ग्रंथ इंग्रजीत आणला. १९०७ साली होरोवित्स अलिगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात अरबीचा प्राध्यापक म्हणून आला. जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. ब्रिटिशांचं राज्य, मुसलमानांचं कॉलेज आणि अरबी शिकवतोय कोण, तर जर्मन ज्यू! तिथेच हमीदुद्दीन फराही होते, पुढे कुराणाचे मोठे भाष्यकार झाले ते. फराही या होरोवित्सकडून हिब्रू शिकले. ज्याची पोथी समजून घ्यायची, त्याची भाषा शिकायची, इतका साधा हिशोब. भाषा शिकला म्हणून ना हा मुसलमान झाला, ना ते ज्यू झाले.

अलिगढला असतानाच सरकारने त्याच्यावर आणखी एक काम सोपवलं. हिंदुस्थानातले अरबी-फारसी शिलालेख वाचायचे आणि छापायचे. 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या नियतकालिकाचे १९०९-१० आणि १९११-१२ चे अंक त्याने संपादित केले. पहिल्या अंकात त्याने काय केलं असेल? तोवर कुठे कुठे कुठला लेख छापून झालाय याची यादी दिली. आमच्या धंद्यातल्या लोकांना याचं मोल लगेच कळेल. नवीन कोड लिहायला सगळेच तयार असतात, पण आधी काय काय आहे याची अनुक्रमणिका करायला कुणी बसत नाही. ते कंटाळवाणं काम या माणसाने केलं.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि जर्मन माणूस इथे एका दिवसात शत्रू ठरला. तो परत गेला आणि फ्रँकफुर्टच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातला प्राच्यविद्येचा विभागही त्यानेच उभा केला. १९२६ साली कुराणावरचा त्याचा मोठा अभ्यास छापला गेला, १९२८ साली ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानावरचं पुस्तक आलं आणि १९३१ मध्ये तो गेला. दोनच वर्षांनी जर्मनीत जे सुरू झालं, ते बघायची वेळ त्याच्यावर आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात जालना कुठे आलं? येतंय.

होरोवित्सनंतर त्या नियतकालिकाचं संपादन गुलाम यझदानींकडे गेलं. हेच यझदानी १९१४ पासून निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. अजिंठा-वेरूळ त्यांच्याच अखत्यारीत, आणि तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात असलेलं आमचं जालनाही. प्रेषित मुहंमदांचे सर्वात जुने चरित्रकार कोण, यावरची होरोवित्सची प्रसिद्ध लेखमाला तर १९२७-२८ मध्ये हैदराबादच्या 'इस्लामिक कल्चर' त्रैमासिकातच आली. त्याने लिहिलं जर्मनमध्ये, इंग्रजी केलं मार्माड्यूक पिकथॉल यांनी. म्हणजे जगभरचे अभ्यासक अजूनही ज्याचा दाखला देतात, ते लिखाण छापून आलं आमच्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीत. आम्हाला मात्र त्याची गंधवार्ता नाही.

जालन्याच्या मस्तगडावर फारसी शिलालेख असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. निजाम-उल-मुल्कच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ साली तो किल्ला बांधला. गावातल्या शंभर माणसांना विचारा तिथे काय लिहिलंय ते. वाचता येणं सोडाच, तिथे काही लिहिलेलं आहे हेच किती जणांना माहीत असेल?

शिलालेख म्हणजे इतिहासवाल्यांचं काम, असं वाटत असेल तर कागदांचं बोलू. माझे आजोबा अंबड तालुक्यातले, निजामाच्या राज्यात उर्दूतून सातवीपर्यंत शिकलेले. हिशोब मराठीत करायचे, पण वाचत बसायचे उर्दू. त्या काळी हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवायचे, त्यासाठी खास भाषांतर खातं होतं. (मातृभाषेतून इंजिनिअरिंग कसं शक्य आहे, असं विचारणाऱ्यांनी हे वाचून घ्यावं. अर्थात आमच्याकडच्या बहुसंख्यांची ती मातृभाषा नव्हती, आणि मराठी शाळांची त्या राज्यात काय आबाळ झाली हा वेगळा, दुखरा विषय आहे. असो.) आजोबा गेले आणि घरातल्या ट्रंकेतले सगळे कागद एका रात्रीत मुके झाले. खरेदीखत कुठलं आणि साधं पत्र कुठलं, आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

आठवतंय का, पूर्वी कॉम्प्युटरवर देवनागरी फाँट नसला की पानभर नुसते चौकोन दिसायचे? फाइल ठणठणीत असायची, आपल्याकडे फाँट नसायचा. आमच्या ट्रंकेचं तसंच झालंय.

आणि हे फक्त आमच्याच घरचं रडगाणं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्याच अंतरवाली सराटीतलं आंदोलन राज्यभर पेटलं आणि कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. पण तेव्हा झालं काय? खासरापत्रकं, गाव नमुना १४, निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली आणि उर्दू नि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरायची पाळी आली. लाखो लोकांचं भवितव्य ज्या कागदांवर अडलेलं, ते कागद आपल्याच जिल्ह्यातले, आणि वाचणारे मोजके! ज्या प्रदेशात १९४८ पर्यंत सरकारी कामकाज उर्दूत चालत होतं, तिथे पाऊणशे वर्षांत ही अवस्था यावी, याचा मला खरंच राग येतो.

माझ्या मते याचं कारण आळस नाही. उर्दू-फारसी 'त्यांची' असं ठरवून आपण मोकळे झालो. मग अर्ज, तारीख, जमीन, तहसील, दप्तर, फिर्याद हे शब्द कुणाचे? नाथांनी चक्क 'अर्जदस्त' लिहिली, तीही इथून जवळच, पैठणात. कवी माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन फारसीचे प्राध्यापक होते, १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली म्हणून शिवकालाबद्दल आपल्याला कितीतरी जास्त कळलं. त्यांच्या मराठीपणाला कुठे ओरखडा आला?

'आता ओसीआर आहे, एआय आहे, ते वाचेल की,' असं माझा एक मित्र म्हणाला. छापील उर्दू बऱ्यापैकी वाचतंही ते. पण कारकुनांनी घाईघाईत लिहिलेल्या शिकस्ता अक्षरापुढे त्याची दांडी उडते. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. आपली मोडीही मोडून लिहिलेली म्हणूनच मोडी, असं म्हणतात. दोन्हीकडच्या कारकुनांना घाई सारखीच! मशीनला शिकवायचं तर आधी हजारो ओळी माणसाने वाचून द्याव्या लागतात. ती माणसं कुठून आणणार?

होरोवित्सने सुरू ठेवलेलं ते काम आजही चालू आहे, आणि कुठे, तर आपल्या नागपूरला. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा तिथे आहे. जालन्यातल्या एखाद्या कॉलेजने त्यांच्या मदतीने शनिवार-रविवारचा वर्ग काढला तर? उर्दू लिपी तीन-चार महिन्यांत वाचता येते, मी सध्या सातव्या आठवड्यात आहे. छापील मथळे अडखळत जमतात. हस्ताक्षर अजून अजिबात नाही.

तुमच्यापैकी कुणाला शिकस्ता वाचता येत असेल, किंवा वाचणारं कुणी माहीत असेल, तर कळवा. येण्याजाण्याचं आणि चहाचं माझ्याकडे लागलं.